पॅडनांच्या घरातलं लोखंड

फ्रीजच्या दारावर, मेंढीच्या आकाराच्या चुंबकाखाली, एक कागद. अक्षर अट्रॅक्टा पॅडनचं, टपाल कचेरीत एकतीस वर्षं घोटलेलं:

जारलथने काय करायचं
चहा, प्रत्येक जेवणाबरोबर. कडक. दूध नाही.
जेवताना संत्रं, लिंबू नाही. हवं असेल तर दोन तासांनी.
दारू नाही. (बिअर ही दारूच असते, जारलथ.)
तांबडं मांस फक्त रविवारी. रक्ताचं काळं पुडिंग कधीच नाही.
कच्चं कालव एकही नाही.
आग्याचं सूप. सोमवार, गुरुवार, सोमवार.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. बाकीचं पुस्तकांतून, वर्तमानपत्रातून, डॉक्टरांच्या माहितीपत्रकातून जमवलेलं. शेवटची ओळ तिची स्वतःची.

*

एप्रिलमध्ये तिचा धाकटा भाऊ इस्पितळातून परत आला तो दारातच उभा राहिला. गमबूट काढायचंही भान नाही.

"दोन हजार एकशे चाळीस," जारलथ म्हणाला.

"काय? कालवं?"

"लोखंड. माझ्या रक्तात."

अट्रॅक्टाने त्याला खुर्चीवर बसवलं, कागद हातातून काढून घेतला आणि चष्मा लावला. फेरिटिन म्हणजे अंगात साठलेल्या लोखंडाचं माप, ते तीनशेच्या वर जाऊ नये, भावाचं सातपट. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं की हे आईबापाकडून आलेलं आहे. दोघांकडूनही. इतरांचं शरीर नको असलेलं लोखंड आतड्यातूनच परत पाठवतं, याचं शरीर दारात आलेल्या प्रत्येकाला आत घेतं आणि कुणालाच बाहेर सोडत नाही. मग ते लोखंड यकृतात बसतं, सांध्यांत बसतं, हृदयात बसतं. यकृत निबर व्हायला सुरुवात झालेली होती.

"सुरुवात म्हणजे किती?"

"म्हणाली, आत्ता हात घातला तर सावरेल. वर्षभर असाच भटकलास तर मग सावरायला काही उरणार नाही."

"आणि औषध?"

"औषधच नाहीये म्हणे. दर आठवड्याला अर्धा लिटर रक्त काढायचं. वर्षभर." जारलथने टोपी काढली, परत घातली. "आपले पणजोबा मे महिन्यात बैलांचं रक्त काढायचे, आठवतं? मी बैल आहे का?"

"आहेस. तू काय सांगितलंस तिला?"

"म्हणालो, ओहोटी चुकेल."

कालवांच्या धंद्यात ओहोटी ही सबब म्हणून उत्तम. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब मागे जातं तेव्हा तीन-चार तास मिळतात. लोखंडी घडवंच्यांवर बांधलेल्या, कालवांनी भरलेल्या जाळीच्या पिशव्या उलटायच्या, झटकायच्या, शेवाळ काढायचं. जारलथ ते चौतीस वर्षं करत होता. पण अट्रॅक्टाला माहीत होतं की ही ओहोटी समुद्रातली नाही.

त्यांचा बाप छप्पन्नाव्या वर्षी गेला. सबंध कारनाबॉय गाव त्याला तांबडा पॅडन म्हणायचं. अंगाचा रंग जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. समुद्रावर रापलाय, असं सगळे म्हणायचे. ज्या गावात ऊन पाहुण्यासारखं येतं आणि चहा घ्यायच्या आत निघून जातं, तिथे माणूस इतका रापेल कसा, हे कुणी विचारलं नाही. शेवटी पोट फुगलं, इस्पितळात नेलं. एकवीस वर्षांचा जारलथ उशाशी बसून होता. हाताला नळ्या, नाकाला नळी. अकराव्या दिवशी बाप गेला. तेव्हापासून जारलथचं गणित सोपं होतं. नळ्या आत गेल्या आणि बाप बाहेर आला नाही.

आता तो सत्तावन्नचा होता. बापापेक्षा एक वर्षाने मोठा.

"मी तुझ्याकडे मागतोय," तो म्हणाला.

अट्रॅक्टाने चष्मा काढला.

हे वाक्य साधं नव्हतं. पॅडनांच्या घरात उतारा होता. काविळीचा. आजीच्या बहिणीकडून बापाकडे, बापाकडून अट्रॅक्टाकडे आलेला. तीन परगण्यांतून लोक यायचे, डोळे हळदीसारखे घेऊन. ती पाला उकळून द्यायची, सोमवारी, गुरुवारी, पुन्हा सोमवारी. त्याचे नियम होते. रोग्याने स्वतः यावं आणि स्वतःच्या तोंडाने मागावं. पैसे देऊ नयेत. आभार मानू नयेत. आभार मानले की गुण जातो. आणि मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

"हा आजार काविळीचा नाहीये रे," ती म्हणाली.

"यकृताचाच ना? मागतोय मी."

"तपासणी करत राहशील?"

"सुई टोचतील तेवढी. रक्ताची पिशवी भरू देणार नाही."

"आणि मी म्हटलं जा, तर?"

जारलथ हसला. सबंध दिवसात पहिल्यांदा. "तू जाऊन त्या रक्त काढायच्या खुर्चीत बसशील ना, त्या दिवशी मी बसेन."

त्याला ठाऊक होतं की अट्रॅक्टा पॅडन बासष्टाव्या वर्षापर्यंत डॉक्टरच्या दारात फक्त पार्सलं द्यायला गेली होती.

*

तिला स्वतःवर भरवसा होता, आणि तो उगाच नव्हता.

पहिल्या आठवड्यात तिने जारलथला प्रयोग दाखवला. काळा कडक चहा पांढऱ्या कपात ओतला, त्यात गंजलेला खिळा टाकला. "उद्या सकाळी बघ." सकाळी कपात शाई होती. खरोखरची, लिहिता येईल अशी. त्यांची आजी दलदलीतला काळा चिखल आणि झाडाची साल एकत्र उकळून लोकर काळी करायची, तेच हे. साल आणि लोखंड भेटले की काळं होतं. चहा आणि लोखंड भेटले की काळं होतं.

"चहा लोखंडाला धरून ठेवतो," ती म्हणाली. "तुझ्या पोटातही धरेल. रक्तात जाऊ देणार नाही."

जारलथने कप नाकाशी नेला. "हे मी पिऊ?"

"हे नको, गाढवा. खिळ्याशिवायचा पी."

बिनदुधाचा चहा हा त्याला खरा शिक्षेचा भाग वाटला. दारू त्याने एका दिवसात सोडली. पबमध्ये जाऊन लिंबाशिवायचं सोडावॉटर पिऊ लागला, आणि मित्र म्हणू लागले, "काय रे, पाद्री व्हायचंय का?" काळं पुडिंग सोडलं. रोज सकाळी पहिल्या पिशवीतलं एक कालव सुरीने उघडून, खाऱ्या पाण्यासकट घशात सोडायची चौतीस वर्षांची सवय सोडली. गार समुद्रात क्वचित, पण कधी कधी कालवांत एक जंतू असतो, आणि ज्याच्या रक्तात लोखंड भरलंय त्याला तो दोन दिवसांत आडवा करतो, हे अट्रॅक्टाने त्याला माहितीपत्रकातून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. दोनदा. पण बिनदुधाचा चहा!

"कैद्यांनासुद्धा दूध देतात," तो रोज म्हणायचा. आणि प्यायचा.

आणि आग्या. हात लावला की फोड उठवणारी, दगडी कुंपणांच्या कडेला माजणारी आग्या. मे महिना संपायच्या आत तीनदा आग्या खाल्ली की वर्षभर रक्त स्वच्छ राहतं, हे कारनाबॉयमधलं शेंबडं पोरही सांगेल. अट्रॅक्टा हातमोजे घालून कोवळे शेंडे खुडायची, बटाटा आणि कांदा घालायची, आणि आंबटपणाला मूठभर रानचुका. लिंबू नाही म्हटलं होतं ना, म्हणून चुका. आजीच्या बिडाच्या पातेल्यात, तिन्ही पायांवर उभ्या असलेल्या त्या काळ्या धुडात, सूप दुपारभर मंद शिजायचं. "स्टीलच्या भांड्यात उतारा लागत नाही," ती म्हणायची. तीनदा खाऊन भागणार नाही म्हणून तिने उरलेले शेंडे उकळून फ्रीझरमध्ये भरले. दर आठवड्याला सोमवार, गुरुवार. दोघं समोरासमोर बसून खायची. तो जेवताना चहा प्यायचा, पण सूप मात्र आधी, रिकाम्या पोटी, चहाशिवाय. उताऱ्याच्या अंगावर काही घ्यायचं नसतं.

मेच्या अखेरीस तो म्हणाला, "हलकं वाटतंय."

"वाटणारच," अट्रॅक्टा म्हणाली.

तिच्या बोटांच्या पहिल्या दोन सांध्यांत तेव्हा कळ यायची. मुठी वळताना. पत्रांवर शिक्के मारून मारून झालेलं, ती स्वतःशी म्हणायची.

*

कागदावर, जुलैत, वेगळ्या शाईने:

२२६०

पुढे काहीच नाही. प्रश्नचिन्हही नाही.

*

"काय खाल्लंस?"

"तू दिलंस ते."

"जारलथ, मी विचारतेय. पबमध्ये काय घेतोस?"

"सोडा! त्या पबवाल्या टॉमला विचार, सबंध गाव हसतंय माझ्यावर!"

"मग काळं पुडिंग. सकाळी किनाऱ्यावर पोरं तळत असतात, तुझ्या नाकाला वास…"

"वास घेतला तर लोखंड वाढतं का? तसं कागदावर लिही मग. नाक नाही!"

अट्रॅक्टाने टेबलावर हात आपटला आणि सांध्यातली कळ खांद्यापर्यंत गेली. "माझा उतारा खोटा पडत नाही. तीन परगण्यांत विचार. तू काहीतरी चोरून खातोयस."

जारलथ उभा राहिला. त्याचा चेहरा तिने नीट पाहिला तो तेव्हा. खिडकीतून पावसाळी उजेड येत होता आणि त्या उजेडातही त्याच्या गळ्याचा रंग तांब्याचा होता. बापाचा रंग.

"तीन महिन्यांत," तो हळू म्हणाला, "मी एक कालव खाल्लं नाही, अट्रॅक्टा. मी कालवं पिकवतो आणि मी एक कालव खाल्लं नाही. तू म्हणालीस म्हणून."

दार आपटून गेला. अर्धा कप चहा तसाच टेबलावर.

*

जे कागदावर नव्हतं ते हे.

तिने रागाने टेबल आवरलं. ताटल्या नळाखाली. पातेल्यात तळाला दोन वाट्या सूप उरलं होतं, हिरवंगार, शेवाळी. पातेलं भिजत घालायचं होतं. तिने हाताला आलं ते ओतलं. जारलथचा उरलेला चहा.

सूप काळं झालं.

हिरव्यात जिथे चहा पडला तिथून एक काळा डाग पसरला, जसा ओल्या कागदावर शाईचा पसरतो. तिने चमच्याने ढवळलं. सगळं काळं. निळसर काळं.

अट्रॅक्टा बाई अशी होती की ती घाबरण्याआधी खात्री करून घ्यायची. तिने फ्रीझरमधून शेंडे काढले. अर्धे बिडाच्या पातेल्यात, अर्धे इनॅमलच्या, बाकी सगळं तेच, चुकाही तितकाच. दोन तास. मग दोन पांढरे बाऊल, प्रत्येकात तीन पळ्या सूप, प्रत्येकात एक चमचा कडक चहा.

इनॅमलचं सूप जरा मळकं झालं. बिडाच्या सूपची शाई झाली.

खुर्ची ओढून ती दोन बाऊलांसमोर बसली. चुका आंबट, आणि बीड म्हणजे ओतीव लोखंड. आंबट पदार्थ बिडाच्या भांड्यात दुपारभर ठेवला की भांडं खातो. हे तिला आजीने शिकवलं होतं, की आंबटाने पातेलं पांढुरकं पडतं, मग पुन्हा तेल लावून काळं करावं लागतं. वसंतापासून तिने पातेल्याला चारदा तेल लावलं होतं. गेलेला काळेपणा कुठे जातो हे एकदाही विचारलं नाही. तो तिच्या भावाच्या पोटात जात होता. सोमवारी, गुरुवारी, सोमवारी. रिकाम्या पोटी, आंबटासकट, आणि चहाशिवाय, कारण उताऱ्याच्या अंगावर काही घ्यायचं नसतं.

चोर घरातच होता आणि तिनेच त्याला पळीने वाढलं होतं.

मग उठून तिने कागदावरची शेवटची ओळ खोडली. दोन रेघांसकट. पेन इतकं दाबलं की कागद फाटून फ्रीजच्या दारावर ओरखडा उठला. तो अजून आहे.

*

दुसऱ्या दिवशी ओहोटी साडेदहाची. अट्रॅक्टा गमबूट घालून चिखलातून घडवंच्यांपर्यंत गेली. हातात झाकणाची बरणी. जारलथ पिशव्या उलटत होता. मान वर केली नाही.

तिने बरणी त्याच्यासमोरच्या पिशवीवर ठेवली.

"काय आहे?"

"सूप. चहा घातलेलं."

त्याने बरणी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. खिळ्याचा कप त्याला आठवला असावा, कारण तो हळूच म्हणाला, "पातेलं."

"पातेलं. म्हणजे मी." वारा होता, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं. बरंच झालं, हळू बोलायचं असतं तर जमलं नसतं. "तू काही खाल्लं नाहीस. मी वाढलं. काल जे बोलले ते मी परत घेते."

जारलथने बरणी पिशवीवर ठेवली, हातमोज्याने नाक पुसलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. अट्रॅक्टाला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"चौतीस वर्षं," तो म्हणाला, "मी या लोखंडी घडवंच्या समुद्रात गंजताना बघतोय. आणि तू मला घरी नेऊन पातेलं खायला घातलंस!"

"हसू नकोस."

"बटाटे घालून!"

"जारलथ, गाढवा, हसू नकोस." पण तिलाही हसू आलं, आणि हसता हसता तिने त्याची बाही धरली, आणि सोडली नाही. "ऐक. चहा चांगला आहे. दारू सोडलीस ते चांगलं. ते सगळं ठेवायचं. पण ते दार लावणं आहे. दार लावलं म्हणजे आत शिरलेले बाहेर जात नाहीत. पन्नास वर्षं जे आत बसलंय त्याला पाल्याने काढता येत नाही. माझ्या हातात तो गुण नाही. असता तर बाबांना…"

वाक्य तिने तिथेच टाकलं. बाप स्वतः उतारा देणारा होता. शेवटच्या वर्षी तो रोज सकाळी स्वतःचाच काढा प्यायचा.

"पणजोबा बैलांचं रक्त का काढायचे?" तिने विचारलं.

"मला काय माहीत. मेमध्ये नवीन गवत खाऊन रक्त जड होतं म्हणायचे."

"मग? आपल्याच घरातला उतारा आहे. आपण तो बैलांना दिला आणि स्वतः विसरलो."

जारलथने पुढची पिशवी उलटली. पाणी फिरायला लागलं होतं. घडवंच्यांच्या पायांशी फेस आला.

"मी काय म्हणालो होतो ते तुला आठवतं," तो म्हणाला. "तू बसशील त्या दिवशी."

"म्हणूनच आले."

"तुला काय झालंय बसायला?"

तिने उजवा हात पुढे केला आणि मूठ वळली. पहिली दोन बोटं वळलीच नाहीत. त्याने मोजा काढून आपला हात तिच्याशेजारी धरला. तीच दोन बोटं. तेच सांधे, तसेच सुजलेले.

"शिक्के मारून," ती म्हणाली.

"मी तर शिक्के नाही मारत," जारलथ म्हणाला.

*

डिम्फ्ना लोफ्टस ही दवाखान्यातली नर्स, कारनाबॉयचीच, लहानपणी कावीळ झाली तेव्हा अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात काढा प्यायलेली. सोमवारी सकाळी दारात अट्रॅक्टाला पाहून तिला वाटलं कुणी मेलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. मी आलेय." अट्रॅक्टाने पर्स दोन्ही हातांनी धरली. नियम तिलाच ठाऊक होते, आणि स्वतःवर लावताना ते किती जड असतात हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. "डिम्फ्ना, मी मागतेय."

डिम्फ्नाने एक क्षण पाहिलं. मग हातमोजे काढले आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा," ती म्हणाली, बाकी काही नाही. लहानपणी त्या स्वयंपाकघरात तिलाही एवढंच सांगितलं होतं.

दोन नळ्या रक्त. आठवड्याने अहवाल. अट्रॅक्टाचं फेरिटिन नऊशे दहा. बहीणभावाची घडण एकच, आईकडून आणि बापाकडूनही.

"पाळी चालू असेपर्यंत दर महिन्याला थोडं जात होतं, म्हणून वाचलात," डिम्फ्ना म्हणाली. "यकृत अजून चांगलं आहे तुमचं. बोटं मात्र कदाचित अशीच राहतील."

"सूपाने झालं?"

"नुसत्या सूपाने एवढं होत नाही. हे साठायला वर्षं लागतात. सूपाने मदत केली, चुकीच्या बाजूला." तिने अहवालाची घडी घातली. "चहा सोडू नका हं. चहा चांगला. चहाने पिशव्या कमी भराव्या लागतात, असं दिसलंय. पण पिशव्यांच्या जागी नाही."

"ते मला माहीत आहे," अट्रॅक्टा म्हणाली. "मी शोधून काढलंय."

*

रक्त काढायचा दिवस गुरुवार ठरला, भरतीची वेळ साधून, म्हणजे जारलथला सबब राहू नये. जाताना गाडी त्याने चालवली. येताना शेजारी न्यायला येणार होता, कारण अर्धा लिटर दिल्यावर दोघांनीही चालवू नये. गाडीतून उतरताना त्याने टोपी मागच्या सीटवर टाकली आणि लगेच परत घेतली.

खोलीत निळ्या रंगाच्या दोन खुर्च्या. खिडकीबाहेर मेंढ्या. अट्रॅक्टा पहिल्या खुर्चीत बसली, बाही वर केली. जारलथ भिंतीला टेकून, दाराच्या जवळ, रंग उडालेला.

सुई बरीच जाड होती. अट्रॅक्टाने त्याच्याकडे बघायचं ठरवलं होतं, सुईकडे नाही. नळी लाल झाली. खाली छोट्या झोपाळ्यावर पिशवी डुलत होती.

"नळी," जारलथ म्हणाला.

"हो. नळी. पण बघ कुठल्या बाजूला जातेय."

त्याने बघितलं. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात नळीची एकच दिशा होती, माणसाच्या आत. ही बाहेर येत होती. गडद, जवळजवळ काळं रक्त, शांतपणे, थेंब न सांडता.

"दुखतंय?"

"बिनदुधाच्या चहापेक्षा कमी."

डिम्फ्ना हसली. जारलथ हसला नाही. भिंतीपासून सुटला, दुसऱ्या खुर्चीपाशी आला आणि तिच्या हाताला हात लावून पाहिला, घोडा विकत घ्यायचा असल्यासारखा. मग बसला. सगळी बाही एका दमात वर.

"मागावं लागेल," अट्रॅक्टा त्याच्याकडे बघत म्हणाली.

"काय?"

"नियम आहे. तिच्याकडे माग."

जारलथने घसा साफ केला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शाळेत उभा केल्यासारखा. "डिम्फ्ना, मी… मागतोय."

"मिळेल," डिम्फ्ना म्हणाली आणि पट्टा आवळला.

तो बेशुद्ध पडला. ओठ पांढरे झाले आणि मान कलली, सुई लागायच्या आतच. डिम्फ्नाने खुर्ची मागे केली, पाय वर उचलले, गालावर ओला टॉवेल ठेवला. दोन मिनिटांनी त्याने डोळे उघडले.

"झालं?"

"सुरूच नाही झालं," अट्रॅक्टा म्हणाली. "पडून राहा. बैल पण पहिल्यांदा असेच आडवे व्हायचे."

"खोटं बोलतेस."

"खोटंच. पडून राहा."

मग सुई गेली, आणि या वेळी तो अट्रॅक्टाकडे बघत राहिला, आणि नळी लाल झाली, आणि दोन पिशव्या दोन झोपाळ्यांवर डुलू लागल्या, एक जरा पुढे, एक जरा मागे. बाहेर भरती पूर्ण आली असेल. घडवंच्या पाण्याखाली. कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

पाव तासाने डिम्फ्नाने दोघांच्या कोपरांवर पट्ट्या चिकटवल्या. चहा आणि बिस्किटं आणली. चहात दूध होतं. जारलथने कपात पाहिलं, अट्रॅक्टाकडे पाहिलं.

"पी," ती म्हणाली. "आज बाहेर गेलंय. एक कप चालेल."

त्याने तो असा प्यायला की कपाचीच दया यावी. मग उठला, जरा डगमगला, भिंतीला धरून उभा राहिला, आणि डिम्फ्नाकडे वळून हात पुढे केला. तोंड उघडलं.

"जारलथ!" अट्रॅक्टा ओरडली.

तो दचकला.

"आभार मानू नकोस," ती म्हणाली. "गुण जाईल."

*

कागद अजून फ्रीजवर आहे. चहाची ओळ आहे, कालवाची आहे, पुडिंगची आहे. शेवटची ओळ होती त्या फाटक्या जागेखाली, नव्या शाईने:

गुरुवार. दोघांनी. भरतीला.

बिडाचं पातेलं आता अंगणात आहे. त्यात पुदिना लावलाय.